मंगळवारचे खाडे

पुसद
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६

प्रिय मधुताईस,

भैरवीचा नमस्कार. भावजींचं गुडघ्याचं दुखणं कमी झालं असेल. पियूषची बारावी जवळ आली, त्याला माझा आशीर्वाद सांग. आम्ही दोघं बरे आहोत.

फोन न करता पत्र लिहिते म्हणून दचकू नकोस. सूतगिरणीच्या क्वार्टरच्या भिंती पातळ आहेत, पलीकडे टाइमकीपर राहतो. आणि यांना अजून काही माहीत नाही. हे स्टोअरमध्ये आहेत, सहापर्यंत येतील.

मागे तू विचारलं होतंस, ऑफिसात माझं नवीन काम काय. आजारपणाचे खाडे मोजायचे. सहा महिन्यांत तीन वेळा गैरहजर, की नोटीस. चौथ्यांदा चौकशी. दिवस मोजायचे नाहीत, वेळा मोजायच्या. यांच्या हाताखालचा शाम पाय मोडून बावन्न दिवस घरी होता, त्याची एक वेळ. एखादी बाई पाचदा एकेक दिवस राहिली, की तिच्या पाच. मी एकदा आमच्या मॅनेजरना, सलील साहेबांना म्हटलं, "साहेब, हे बरोबर वाटत नाही." ते हसून म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे मॅडम. यापेक्षा न्याय काय असतो?" मी पुन्हा रजिस्टर उघडलं.

ती पाच वेळावाली संगीता. तांड्यावरून येते, ब्लो रूममध्ये आहे. तिथे गाठी फोडून कापूस झाडतात, सगळीकडे धूळ. तिचे पाचही खाडे मंगळवारचे निघाले. ते मीच शोधून काढलं, ताई. मीच लाल पेनाने गोल केले आणि साहेबांकडे नेले. तिच्या तांड्याजवळ मंगळवारी बाजार भरतो. साहेब म्हणाले, "बघा, बाई बाजार करते. पुढच्या मंगळवारी घरी जाऊन पाहून या."

मी गेले. संगीता दारात बसून मेथी निवडत होती. सासू, सुखीबाई, बाजाराला गेली होती. मला पाहून संगीता उठायला गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, रविवारची सुट्टी झाली का सोमवारी मशीनवर दुपारून छातीवर कोनी पाटा ठेवल्यावानी वाटते. मंगळवारी उठवत नाही. बुधवारी आपोआप मोकयं होते."

मी रिपोर्ट लिहिला: "घरी भाजी निवडताना आढळली." खोटं एक अक्षर नव्हतं.

तिला शेवटची नोटीस गेली. मग तिने खाडा केला नाही. गेल्या महिन्यात वीस तारखेच्या मंगळवारी ती आली आणि दुपारी मशीनजवळ कोसळली. ओठ निळे पडले होते. यवतमाळला दवाखान्यात नेलं, तेव्हा सोबत बाई हवी म्हणून गाडीत मला बसवलं. वाटेत तिने माझा हात एवढा घट्ट धरला होता, की मनगटावर वळ उठले. ऑक्सिजन लावल्यावर तिने जरा डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, सांगू? "मॅडम, आजचा खाडा लावला का?"

डॉक्टर म्हणाले, कापसाच्या धुळीने असंच होतं. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. मग सुरुवातीला आठवडाभरात सैल पडते, पुढे पुढे पडत नाही. मी जे लाल गोल चोरी पकडली म्हणून काढले होते, तो तिचा आजार होता. माझ्या हातात तो पाच वेळा लिहिलेला होता.

सुखीबाई बाहेर बाकावर बसली होती. तिने मला विचारलं, "तुम्ही घरी आल्ता तवा तिचा दम आयकला असन ना मॅडम? मंग लिवलं काहून नाही?"

ताई, मी ऐकला होता. शिट्टीसारखा वाजत होता, फाटकापर्यंत ऐकू येत होता. मी लिहायला घेतलं तेव्हा पेन तिथे थांबलंही होतं. पण साहेबांना काय हवं आहे ते मला माहीत होतं. नोकरी मला हवी होती. क्वार्टर हवं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज संगीताच्या प्रकरणाची चौकशी करायला कामगार कार्यालयाचे अधिकारी आले. आत जाण्याआधी साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये आहे तेवढंच सांगा. त्यापुढे काही आठवत नाही म्हणा." अधिकाऱ्यांनी विचारलं, "बाई आजारी दिसली का?" मी म्हणाले, "दिसली. श्वास वाजत होता. मी लिहिलं नाही." त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी सही केली. सही माझी वाटतच नाही, इतकी वाकडी आली.

संगीता वाचली आहे. पण त्या खात्यात ती पुन्हा उभी राहू शकणार नाही, आणि दुसरं काम देतील की नाही, कुणी सांगत नाही.

साहेबांनी मला घरी पाठवलं. "बोलावल्याशिवाय येऊ नका," एवढंच म्हणाले. वर म्हणाले, "श्रीकृष्णरावांनाही उद्या भेटायला सांगा." माझ्यामुळे यांची पंधरा वर्षांची नोकरी गेली तर? यांनी विचारलं, की रिपोर्ट लिहिताना गप्प बसलीस तशी आजही का नाही बसलीस, तर मी काय सांगू? दुपारपासून दाराला आतून कडी लावून बसले आहे. कुणाला घाबरून, तेही कळत नाही.

येत्या मंगळवारी मी यवतमाळला दवाखान्यात जाणार आहे, संगीताकडे. मी काय केलं ते तिला माझ्याच तोंडून कळायला हवं. ती तोंड फिरवेल, फिरवू दे. तोवर पत्र मिळालं आणि जमलं तर तूही ये, ताई. एकटीने जायची हिंमत होत नाही.

बाहेर चपला वाजल्या. हे आले. कडी काढते.

तुझी,
भैरवी