बैल बरोबर, माणूस चुकला

अण्णा, काल नांदेडला ऑफिसचं काम दुपारीच उरकलं आणि लातूरच्या बसला वेळ होता, म्हणून मी चित्रांचं एक लहानसं संग्रहालय बघायला गेले. चपला काढायच्या की नाही हे दाराशी कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी काढल्या. राखणीला एक चाची होत्या, खुर्चीत बसून पदराआड लसूण सोलत होत्या. "घाल गं पोरी, हे काय घर हाय का!" म्हणाल्या. मी घातल्या आणि उगाच ओशाळले.

पहिल्याच खोलीत एक बैल होता. आपल्या देवणी जातीचा, अंगभर काळे ठिपके असलेला शेवेरा, आणि शेजारी उकिडवा बसलेला एक म्हातारा. बैलाच्या पोटाखालची सावली चित्रकारानं निळी रंगवली होती. उन्हाळ्यात ती खरंच निळी दिसते, हे मला एकदम आठवलं. बैलाकडं तुमच्याइतका वेळ आणखी कुणी बघत बसलं असेल, असं कधी मनातच आलं नव्हतं.

शाळेत घालायच्या आधीची तुमची शिकवणी आठवते? मी पाच वर्षांची आहे, गोठ्यात उभी. तुम्ही म्हणता, बघ. मग खांदे धरून मला पाठमोरी करता. "सांग आता. दिसलं ते सांग, वाटलं ते नको." एकदा मी सांगितलं, गाय उदास आहे. "उदास कुठल्या अंगाला हाय, दाखव," म्हणून तुम्ही इतके हसलात की आई पिठाच्या हातानं बाहेर आली. त्या सवयीनं मी आजही साधा अर्ज तीनदा वाचते. पण तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि हल्ली एक भीती लागून राहिली आहे, की पाठ फिरवली तर तुमचा चेहरा मला सांगता येणार नाही. भिंतीवरच्या फोटोतला तेवढा येतो, अन् तो स्टुडिओवाल्यानं गोरा केलेला.

काल मी चित्राकडं पाठ केली, डोळे मिटले आणि पुटपुटू लागले. चाची धावत आल्या. "काय झालं गं? चक्कर आली का?" मी खरं ते सांगितलं. त्यांना मोठी मौज वाटली. लसणाची ताटली खुर्चीवर ठेवून त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. "बोल. मी तपासते."

बैल मी सगळा सांगितला, लोंबते कान, खांद्यावरचे तीन ठिपके. "बराबर. बराबर." मग माणूस. "मिशीची डावी बाजू आखूड, विडीनं जळलेली. सदऱ्याची दुसरी गुंडी लाल, बाकीच्या पांढऱ्या. हसताना एक डोळा आधी मिटतो."

"थांब, थांब. मिशी कुठं हाय? ह्याला मिशीच न्हाई! उघडा बसलाय बिचारा, सदरा कुठला? अन् हसतोय कुठं, तोंड वाकडं करून बसलाय. कुणाला बघून आलीस तू?"

मी वळून पाहिलं. खरंच. सपशेल नापास झाले, अण्णा, आणि हसता हसता डोळे पुसत राहिले. तुमची ती लाल गुंडी मला कित्येक वर्षांत आठवली नव्हती. चाचींनी लसणाच्या हातानं माझी पाठ थोपटली. बसमध्ये लातूरपर्यंत वास येत होता.

बाकीच्या दोन खोल्या राहूनच गेल्या. निघताना चाचींनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी लिहिलं, 'सर्व चित्रे पाहिली, सर्व आवडली', आणि खाली सही केली. ते खोटं आहे, जाऊन दुरुस्त करायला हवं, असं सकाळपासून वाटतंय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा इथं कबूल करते: लिहिताना मला ते माहीत होतं. परत जायला कारण हवं होतं.