चाळिसाव्या मजल्याचा जिना

पाथरी,
दि. २१ जुलै २०२५

चि. सौ. सुला हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. स. जयभीम वि. वि.

तुझे पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. बाबा पोस्टमन होते. आपल्या दोघींत महिन्याला निदान दोन पत्रे व्हावीत एवढीच त्यांची इच्छा होती. पाथरी ते मानवत अंतर ते किती! फोन करू म्हणू नकोस. फोनवर तू भाजी काय केली एवढेच विचारतेस आणि मग तुझा कुकर वाजतो.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. नेहमीप्रमाणे संध्याकाळी साडेसातला विहारात वंदना, पंचशील आणि ग्रंथवाचन, ते थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. बाबांनी सुरू केलेल्या या वाचनाचे यंदा बत्तिसावे वर्ष. ते गेल्यापासून बारा वर्षे वाचायला मी बसते. आजवर एका दिवसाचा खाडा नाही. या वर्षी पहिले चार दिवस चटयांवर जागा नव्हती. मग टीव्हीवर ‘चाळिसावा मजला’ नावाची कसलीशी मालिका लागली, तीही साडेसातलाच. दुसऱ्या दिवशी अकरा बायका. शनिवारी सात.

बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. घरचे सोडून पाच श्रोते असल्याशिवाय ग्रंथ उघडायचा नाही. म्हणजे आणखी तिघींनी पाठ फिरवली की बाबांचे वाचन माझ्या हातून मोडणार. श्रीमंतांच्या भानगडी बघण्यासाठी आमच्या बायका पंचशील सोडतात, याचा मला संताप येतो. तू तरी असले काही बघत नसशील अशी आशा आहे.

सिद्धोधनरावांना जयभीम, लेक मनिषाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी अक्का,
धम्मशीला


मानवत,
२७ जुलै

ति. अक्काच्या पायाशी सुलाचा सा. जयभीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण तीच मालिका. आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू. अक्का, लय बेजार करणारी मालिका हाय, पण एक भाग चुकवू वाटत नाही.

मुंबईत समुद्राच्या कडेला चाळीस मजली घर, सगळं एकाच कुटुंबाचं. मोनालिका ही सून. तिचा नवरा रणजय मोठा उद्योगपती, त्याचं दुसऱ्या उद्योगपतीच्या बायकोशी सूत. पार्टीतले फोटो पेपरात छापून आले, आणि सासूनं, तिला माँसाहेब म्हणतात, सगळा आळ मोनालिकेवर घातला, की हिनंच फोटो बाहेर दिले, घराची इज्जत घालवली. वर लिफ्ट बंद करायला लावली. तवापासून मोनालिका रडत जिना उतरायलीय. आज पाचवा दिवस, अजून एकोणचाळिसावा मजला आला नाही.

शेजारच्या नर्मदाबाई रोज टीव्हीला सांगतात की बाई, आधी पायात चप्पल घाल. मनिषाला एकच प्रश्न पडलाय, चाळीस मजले झाडतं कोण. आमचे हे बघत नाहीत. फक्त टॉवेल खांद्यावर टाकून अर्धा तास दारात उभे राहतात. परवा जाहिराती लागल्यावर यांनीच विचारलं की पेपरवाल्याला फोटो दिले कुणी.

तू वाचन आठला का घेत नाहीस? दाजींना जयभीम सांग. लोभ वाढवावा, रागावणं थोडं कमी करावं.

तुझी,
सुला


पाथरी,
दि. ९ ऑगस्ट

चि. सौ. सुला हिस,
अनेक आशीर्वाद. स. जयभीम वि. वि.

वाचन आठला होणार नाही. निंदणीहून आलेल्या बायकांच्या भाकरी साडेसातला झालेल्या असतात, आणि पोरांची जेवणे व्हायची असतात. बाबांनी ती वेळ विचार करून धरली. आठनंतर कोणी उठून येत नाही, हे मी मागे करून पाहिले आहे. आणि मोनालिकेसाठी बाबांची वेळ बदलणारी मी कोण?

तर एकोणतीस जुलैला चारच जणी आल्या. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. बन्सीधर दूधवाला चालला होता. त्याला सायकलवरून उतरवले आणि दोन्ही कॅनसकट आत बसवले. पाच झाले. ग्रंथ उघडला. पण रोज दूधवाला अडवून वर्षावास पार पडत नाही.

दुसऱ्या दिवशी कसेबसे पाच भरले, तुझ्या दाजींना वाचायला बसवले आणि सगळ्या जिथे मालिकेला जमतात त्या कुसुमबाईच्या घरी गेले. एका खोलीत बावीस बायका, कपाटावर टीव्ही, आणि अशी शांतता की पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही वर्गाने मला दिली नाही. रागे भरायला म्हणून दारात उभी राहिले. भाग संपेपर्यंत उभीच होते. त्याबद्दल जास्त विचारू नकोस.

तिथेच मी तोडगा काढला. रोज एकीने मालिका बघायची, बाकीच्यांनी विहारात यायचे. वाचन संपले की प्रतिनिधीने दहा मिनिटांत वृत्तान्त द्यायचा. पहिल्या दिवशी कुसुमबाई होती. तिचा वृत्तान्त असा, की ती रडली, मग फोन वाजला, मग ती रडली. बायका चिडल्या. तेव्हा दगडाबाईला कायमची नेमली. गुडघ्यांमुळे तिला तसेही चटईवर बसवत नाही, घरात टीव्ही आहे, आणि आवाज खणखणीत. आठच्या ठोक्याला ती काठी टेकत येते. मी शंभर पानी वहीत सगळे लिहून घेते.

आता सव्वीस श्रोते आहेत. मालिकाही मी समजत होते तितकी वाईट नाही. अडतिसाव्या मजल्यावर माँसाहेब आडव्या आल्या, तेव्हा मोनालिकेने त्यांच्या थोबाडीत दिली आणि कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या. रणजय सध्या भांडी घासतो. बाई कर्तबगार आहे.

बाकी क्षेम. माया असू दे, आणि पत्राला लगेच उत्तर दे.

तुझी अक्का,
धम्मशीला


मानवत,
१७ ऑगस्ट

ति. अक्कास सुलाचा सा. जयभीम वि. वि.

अक्का, तू काय लिहितेस? कसली थोबाडीत? कुठल्या किल्ल्या? इथं मोनालिका अठ्ठाविसाव्या मजल्यावर कठड्याला धरून उभी हाय आणि तिच्या डोळ्यापुढनं लहानपण चाललंय. रणजयनं आजवर पाण्याचा पेलासुद्धा उचलला नाही.

तुझं पत्र मी नर्मदाबाईंना वाचून दाखवलं, हीच चूक झाली. सगळी गल्ली म्हणायली की पाथरीला पूर्ण भाग दाखवतात आणि मानवतला कापून. नर्मदाबाई बारा बायका घेऊन केबलवाल्या रामच्या दुकानात गेल्या. त्याला म्हणाल्या की आमची थोबाडीत तू खाल्लीस, ती आजच्या आज दाखव. बिचारा कंपनीला फोन करत बसला. कंपनी म्हणाली की असा भाग नाही. मग बायका म्हणाल्या की कंपनीच माँसाहेबांना मिळालेली हाय. रामनं दोन दिवस दुकान बंद ठेवलं. आमचे हे म्हणतात की अक्का बी.ए. झालेल्या, त्या चुकीचं लिहिणार नाहीत.

काय ते नक्की कळव. जीव टांगणीला हाय. आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी,
सुला


पाथरी,
दि. ३० ऑगस्ट

चि. सौ. सुला हिस,
आशीर्वाद. स. जयभीम वि. वि.

तुझे पत्र हातात घेऊन तशीच दगडाबाईकडे गेले. तिच्या टीव्हीवर फडके, फडक्यावर लोणच्याची बरणी. मे महिन्यात वीज कडाडली त्या दिवसापासून टीव्ही बंद आहे. बाईने एकही भाग पाहिलेला नाही!

मी जाब विचारला. ती म्हणाली की पहिल्या दिवशी कुसुमबाईकडे जाऊन बघायचा विचार होता, पण पायऱ्या चढवल्या नाहीत. तशीच विहारात आली. सगळ्यांची तोंडे तिच्याकडे लागलेली. आता काहीच न्हाई म्हणून कसं सांगावं, म्हणून तिने सासूच्या एक थोबाडीत देऊन टाकली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साठ वर्षांत आपल्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती, असे म्हणाली. मग रोज थोडे थोडे वाढत गेले.

सुला, मी दोन रात्री झोपले नाही. रोज आम्ही सगळ्याजणी हात जोडून खोटे न बोलण्याचे शील घेतो, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी दगडाबाई उभी राहून खोटे सांगते. आणि मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई ते वहीत उतरवून घेते, खाली तारीख टाकून! मी सभेत सगळे उघड सांगितले आणि वृत्तान्त बंद केला. दुसऱ्या दिवशी तीन बायका. बन्सीधर आपणहून आला, त्याला आता सवय झाली आहे. सोबत मेव्हण्याला घेऊन आला म्हणून पाच भरले. तो मेव्हणा दुसऱ्या दिवशी गावी जाणार होता. बाबांचे वाचन त्या एका माणसावर आले होते.

तो जायच्या दिवशी दुपारी देवगाव फाट्यावरून जीपने भंतेजी आले. मी सगळे प्रकरण त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी वही मागून घेऊन चाळली. मग विचारले की थोबाडीत खाल्ल्यावर माँसाहेबांनी किल्ल्या परत मागितल्या का. मी म्हटले, भंतेजी, प्रश्न तो नाही. तेव्हा म्हणाले की बाईने आधीच सांगितले की यातले काही घडलेले नाही, तर फसले कोण? टीव्हीवालेही सुरुवातीला तेच लिहितात, फक्त कोणाला वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरात.

आता दगडाबाई रोज उभी राहून आधी मोठ्याने जाहीर करते, की मी सांगते ते घडलेलं न्हाई, मी बघितलेलं न्हाई, माझा टीव्ही बंद हाय. बायका म्हणतात, बरं बरं, पुढं सांग. काल चौतीस श्रोते होते. कुसुमबाईने घरचा टीव्ही बंद केला. तिची तक्रार अशी, की खरी मोनालिका कामाची नाही.

रामची माफी माग. चहा पाज. हे मी सांगते आहे, टाळू नकोस. लोभ आहे, पण आधी माफी.

तुझी अक्का,
धम्मशीला


मानवत,
२१ सप्टेंबर

ति. अक्कास सा. जयभीम वि. वि.

रामला चहा पाजला, वर भजी दिली. त्यानं माफ केलं आणि मग हळूच विचारलं की पाथरीच्या मोनालिकेचं पुढं काय झालं. आता तुझी पत्रं नर्मदाबाईंच्या ओसरीवर मोठ्यानं वाचली जातात. तू खाजगी काही लिहीत नाहीस ते बरं.

इथल्या मालिकेचं मात्र वाटोळं झालं. अक्का, तिनं रणजयला माफ केलं! माँसाहेबांच्या पाया पडली. सतराव्या मजल्यापर्यंत उतरली होती, तिथनं परत जिना चढायलीय. नर्मदाबाईंनी टीव्हीला कोपरापासून हात जोडले आणि बटण दाबलं.

समाप्तीला मी नक्की येते. दगडाबाईंच्या तोंडून शेवट ऐकायचा हाय. मनिषा विचारते, झाडणारीचं काही कळलं का. माया असावी.

तुझी,
सुला


पाथरी,
दि. ९ ऑक्टोबर

चि. सौ. सुला हिस,
अनेक आशीर्वाद. स. जयभीम वि. वि.

सिद्धोधनरावांना ताप आला हे कळले. तू आली नाहीस ते योग्यच केलेस, तरी वाईट वाटले. त्यांना पेज दे आणि दारात उभे राहू देऊ नकोस.

अश्विन पौर्णिमेला एकसष्ट माणसे होती. बाहेर लिंबाखालीही सतरंजी घातली. शेवटचे पान वाचून ग्रंथ मिटला तेव्हा मला बाबांची पिशवी आठवली, पत्रे संपल्यावर ते तशीच झटकून खुंटीला लावत. बत्तीस वर्षे पूर्ण झाली, खाडा नाही.

मग सगळ्यांनी दगडाबाईकडे पाहिले. दोन महिने बोलून तिचा घसा पार बसला होता. तोंड उघडले तर नुसती हवा. आणि मोनालिकेला तिने आदल्या दिवशी दहाव्या मजल्यावर सोडलेले. तिने काठी उचलली आणि माझ्याकडे रोखली.

मी सांगितले की मला हे जमणार नाही, मी जन्मभर पोरांची खोटी कारणे पकडली. कोणी उठेना. पोरांची जेवणे राहिली होती तरी उठेना. शेवटी मी उभी राहिले आणि आधी जाहीर केले, की मी सांगते ते घडलेले नाही. असे आयुष्यात पहिल्यांदा म्हटले, सुला.

मी तिला सगळा जिना उतरवला. तुझ्या नर्मदाबाईंच्या सांगण्याप्रमाणे आधी पायात चप्पल घातली. रडू दिले नाही, त्यात फार वेळ जातो. खाली येऊन ती एसटीत बसली, पाथरीच्या स्टँडवर उतरली, विहार विचारत आली आणि दाराजवळच्या चटईवर बसली. इतके बोलले तर बन्सीधर खरोखरच सरकून बसला.

मी संपवले. तोच दगडाबाईने काठी आपटली आणि कमरेवर हात मारून दाखवला. किल्ल्या! मी विसरलेच होते. मग मोनालिकेला परत तळमजल्यावर नेले. तिथे चाळीस मजले झाडणारी बाई बसली होती. किल्ल्या तिच्या हातात दिल्या. मनिषाला कळव.

टाळ्या झाल्या. माझ्यासाठी. मी वहीत नोंद केलेली नाही, तुला म्हणून लिहिते. पत्र ओसरीवर वाचायचे तर हा एवढा भाग गाळ. माया आहेच, ती मला नीट लिहिता येत नाही.

तुझी अक्का,
धम्मशीला


मानवत,
१५ ऑक्टोबर

ति. अक्कास सुलाचा सा. जयभीम वि. वि.

तो भाग गाळला नाही. ओसरीवरही टाळ्या झाल्या. नर्मदाबाईंनी चपलेचं दोनदा वाचायला लावलं. राम म्हणाला की असली मालिका असती तर धंद्यात बरकत आली असती. मनिषा खूश हाय.

यांचा ताप उतरला. पण अक्का, एक सांगते. गल्लीत आता ती मालिका कुणी बघत नाही, आमचे हे सोडून. रोज साडेसातला टीव्ही लावतात आणि टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे राहतात. मोनालिका चढत चढत एकतिसाव्या मजल्यावर आलीय. मी म्हणाले, बंद करा. तर म्हणतात की ती बाई जिन्यात एकटीच हाय, असं मधेच सोडून कसं जावं.

तुझं पत्र यांना अजून वाचून दाखवलं नाही. सांगू का यांना, ती पाथरीला पोचली म्हणून? उत्तर लवकर धाड. लोभ होता तसाच असावा.

तुझी,
सुला