पिवळ्या दाराचा अर्ज

पेलिकन रीच, फ्लोरिडा
६ एप्रिल

वडील बहीण थेडा हिला,

धाकट्या रॉस्कोचा नमस्कार. तुझा डावा गुडघा जिना चढू देतो का आणि डेटनचा बर्फ गेला का, ते कळव. (टेलिव्हिजनवर गेला असं सांगतात, पण ते काही तुझ्या अंगणात येऊन बघत नाहीत.) आम्ही दोघं ठीक आहोत. लुएलाला भूक चांगली लागते, झोप चांगली लागते, आणि आपल्या आईनं शिकवलेला ॲपल पाय ती अजून कृती न बघता करते. साखर मात्र आता मी घालतो.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, की चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं दाराच्या रंगासाठी थेट राज्याच्या विधिमंडळात जावं का. तेहतीस वर्षं मी लोकांची पत्रं पोचवली, त्यामुळे एखादी गोष्ट पाकिटात घातल्याशिवाय मला ती सांगितल्यासारखी वाटत नाही. म्हणून लिहितो.

आमच्या वसाहतीत दोनशे बारा घरं आहेत आणि ती एकाच साच्यातून काढलेली आहेत. सोसायटीच्या नियमाप्रमाणे दाराला चार रंग चालत: ओट्स, कोरडी वाळू, ओली वाळू आणि दूध घातलेला चहा. (चारही नमुने मी एकदा आमच्या सेक्रेटरीपुढे, फिलिस ग्राबोस्कीपुढे, नावं झाकून ठेवले. तिनं चहाला ओट्स म्हटलं आणि मग तो विषय बंद केला.) ओहायोत माझ्या फेरीवर चारशे दारं होती आणि मी डोळे मिटून कुठलंही ओळखलं असतं. इथे मी स्वतः दोनदा परक्या कुलपात किल्ली घातली आहे. तेव्हा ऑक्टोबरात लुएला चुकून तीन घरं पलीकडे ओस्वाल्दोकडे शिरली, यात विशेष काही नव्हतं. ओस्वाल्दो हा हायलीयाहून आलेला निवृत्त न्हावी, एकटा राहतो, दाराला कुलूप लावत नाही. तो बाजारातून परत आला तेव्हा ती त्याच्या सोफ्यावर बसून त्याच्या कपड्यांच्या घड्या करत होती. त्यानं मला फोन केला. "पोस्टमन, तुझी बायको माझ्याकडे आहे. घाई करू नकोस, अजून चादरी राहिल्यात." मी गेलो तेव्हा ती माझ्यावरच रागावली. एवढे शर्ट कधी घेतलेस, म्हणाली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, मी आमचं दार पिवळं रंगवलं. आईच्या स्वयंपाकघराचं दार होतं, तसं पिवळं. त्याच दारानं लुएला आपल्या घरात पहिल्यांदा आली होती, तुला आठवत असेल. आमचं दार पिवळं झालं त्या दिवसापासून ती फिरायला जाते आणि परत येते. मला एवढंच हवं होतं.

चौथ्या दिवशी फिलिस तिच्या गोल्फच्या गाडीतून आली. तिच्याजवळ रंगांचं कार्ड होतं. ते तिनं दाराला लावून बघितलं, जणू काही जुळण्याची थोडी आशा होती. "रॉस्को, दार सुंदर झालंय, खोटं कशाला बोलू. पण ते पिवळं आहे." मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, "मग आपलं एकमत आहे." दुसऱ्या दिवशी नोटीस आली, सोबत दाराचा फोटो. (फोटोत दार फार छान दिसतं. आम्ही तो फ्रिजला लावला आहे.)

आता इथला कायदा ऐक. नोटीस मानली नाही तर दंड. दंड साचला की घरावर बोजा. बोजा चढला की सोसायटी ते घर विकायला काढू शकते. घर माझं, कर मी भरतो, छत गळलं तर मी चढतो. पण दाराच्या बाहेरच्या बाजूवर माझ्यापेक्षा फिलिसचा हक्क मोठा. आणि हे सगळं आम्ही घर घेताना सही करून मान्य केलेलं आहे, एकशे चाळीस पानांवर, जी आमच्यापैकी कोणी वाचली नाहीत. वैद्यकीय कारण असेल तर सूट मिळते. त्यासाठी एक अर्ज आहे आणि अर्जात एक रकाना आहे: 'कारण'. तो अर्ज सभेत मोठ्यानं वाचतात आणि मग पोहण्याच्या तलावापाशी चौदा दिवस फळ्यावर लावतात. दहा वर्षांपूर्वी कमिटीचा कारभार उघड असावा म्हणून लोकांनी भांडून हा नियम करून घेतला होता. हात वर करणाऱ्यांत मी होतो. बहुधा सर्वांत उंच हात माझाच होता.

त्या रकान्यात लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. तो भरण्यापेक्षा राज्याचा कायदा बदलणं मला सोपं वाटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टॅलाहासीला विधिमंडळात एक विधेयक समितीपुढे यायचं होतं. दंडापायी घर विकता येऊ नये, कमिटीनं हिशेब दाखवावेत, आजारपणाची कारणं फळ्यावर लावू नयेत, अशी त्यात साधी कलमं होती. वेगवेगळ्या वसाहतींतले आम्ही एकतीस म्हातारे एका बसमधून निघालो. सहा तास. (लुएला त्या दिवशी ओस्वाल्दोकडे होती. आपल्याच घरी आहोत असं समजून तिनं त्याला दोनदा पाय पुसून आत यायला लावलं.) माझ्या शेजारच्या बाईचा कुत्रा सोसायटीच्या मर्यादेपेक्षा दोन पौंड जड होता. ती त्याला चार महिने उपाशी ठेवत होती आणि बसमध्ये आम्हाला त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवत होती. मागे बसलेल्या माणसाचं टोमॅटोचं झाड उपटलं होतं. ही सगळी माणसं आयुष्यभर कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. त्यांना रागावता येत नव्हतं, मधेच सॉरी म्हणत होती.

प्रत्येकाला दोन मिनिटं मिळणार होती. मी तीन पानं लिहून घड्याळ लावून पाठ केली होती. आधीचं काम लांबलं. अध्यक्ष म्हणाले, वेळ नाही, प्रत्येकानं नाव सांगून फक्त बाजूनं की विरोधात एवढंच सांगावं. आम्ही रांगेत उभे राहिलो. नाव, बाजूनं. नाव, बाजूनं. कुत्र्याच्या बाईनं फोटो वर धरला, तो नोंदीत घेता येत नाही असं तिला सांगण्यात आलं. मी नाव सांगितलं, बाजूनं म्हटलं, आणि मायक्रोफोनपासून हललो नाही. अध्यक्ष म्हणाले, "आणखी काही, सर?" तीन पानांतलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, "माझं दार पिवळं आहे." ते म्हणाले, "नोंद घेतली." विधेयक त्या समितीत मंजूर झालं. पुढच्या समितीनं ते कामकाजात घेतलंच नाही. ते का घेतलं नाही, हे विचारायला दुसरी बस नव्हती.

तेव्हा मी सोसायटीचे नियम आतून बदलायचं ठरवलं. वार्षिक सभा मार्चच्या शेवटी. बदलाला एकशे बेचाळीस मतं लागतात आणि नऊ वर्षांत कोरमच झालेला नव्हता, कारण निम्मे लोक उन्हाळा लागायच्या आत मिशिगनला परततात. मात्र जाणाऱ्याला आपलं मत प्रॉक्सीच्या कागदावर दुसऱ्याला देता येतं. दारोदार जाणं एवढं एकच काम मला येतं. अठरा दिवसांत मी एकशे अठ्ठेचाळीस कागद सह्यांनिशी जमवले. ओस्वाल्दो म्हणाला, "पोस्टमन, तू गव्हर्नर हो." प्रत्येक कागदावर एक ओळ होती: आपलं मत कोणाला देत आहात, त्याचं नाव. तिथे माझं नाव लिहा असं म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं, आणि परक्याच्या कागदावर आपण काही लिहायचं नाही हे पोस्टात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून ती ओळ मी कोरी ठेवली. एकशे अठ्ठेचाळीस वेळा.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की नाव नसल्यास ते मत सेक्रेटरीचं.

सभेत फिलिसनं कागद मोजले, पुन्हा मोजले, आणि माझे सर्वांसमक्ष आभार मानले. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोरम झाला. दाराचा रंग ज्याचा त्यानं ठरवावा, हा माझा ठराव माझ्याच कागदांनी पाडला. मग तिनं नऊ वर्षं फाइलमध्ये पडलेला स्वतःचा ठराव काढला: चार रंग कटकटीचे आहेत, एकच असावा. तो मंजूर झाला. आता दोनशे बारा दारं ओल्या वाळूची व्हायची आहेत, आमचं वीस तारखेच्या आत, नाहीतर सोसायटीचा रंगारी येणार. मिशिगनहून रोज फोन येतात. काल एकजण म्हणाला, "मी मत तुला दिलं होतं ना? मग मला माझं गॅरेजचं दार का रंगवायला लावतात?"

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिलिस आली. गाडी नव्हती, चालत आली. पायरीवर उभी राहून म्हणाली, "लुएला गुरुवारी माझ्याकडे आली होती. माझी भांडी घासलीन. मी तिला तुमच्या कोपऱ्यापर्यंत सोडलं, पुढे पिवळं दार बघून ती एकटी गेली." मग ती म्हणाली, "तो रकाना भर रॉस्को. मी मोठ्यानं वाचणार नाही. पान चिकटलं होतं म्हणेन." थेडा, ती हे मनापासून म्हणत होती. ती वाईट बाई नाही. पण मी नाही म्हटलं. तिला सांगितलं, तुझ्या मेहेरबानीवर दार पिवळं राहिलं तर तू गेल्यावर काय? तुझ्या जागी येणाऱ्याचं पान चिकटलं नाही तर? कुत्र्याच्या बाईला फिलिस कुठून मिळणार? मला मेहेरबानी नको, कायदा हवा. ती म्हणाली, "माझा इतक्यात मरायचा विचार नाही," आणि जाताना दाराला हात लावून गेली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की हो, भांडावं. पुढच्या अधिवेशनात मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी पहिलं वाक्य हातावर लिहून नेणार आहे. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ,
रॉस्को

ता. क. सोबत एक अर्ज आहे. रकान्यातलं कारण खरं आहे, असं घरात न राहणाऱ्या एका नातेवाइकानं लिहून द्यावं लागतं. तिथे तुझं नाव मी स्वतः घातलं आहे. कोरं ठेवलेलं नाही. सही करून वीस तारखेच्या आत पोचेल असं पाठव. रकान्यात स्मृतिभ्रंश असं लिहिलं आहे. डॉक्टर सप्टेंबरात म्हणाले. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. सात महिने दर रविवारी फोनवर सांगणार होतो.

ता. क. २. रकान्यातलं अक्षर माझं नाही हे तुझ्या लक्षात येईल. काल मी पेन हातात धरून तासभर बसलो होतो. लुएला मागे येऊन उभी राहिली, तिनं अर्ज वाचला, पेन घेतलं आणि शाळेत तिसरीच्या मुलांना फळ्यावर लिहून द्यायची तसं एकेक अक्षर सुटं लिहिलं. मी म्हटलं, हे सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचतील. "वाचू देत. स्पेलिंग बरोबर आहे," ती म्हणाली. मग अर्ज उलटून मागची कोरी बाजू बघून घेतली. "फक्त एवढ्यासाठी तू टॅलाहासीला गेला होतास?"