बंद नव्हे, ताकीद

मंगळवार, ४ सप्टेंबर २००७, कोल्हापूर

आज हुपरीला जायला नको होतं. सकाळी नेट कॅफेत चॅटिंगचं खातं उघडलं, तर वर लाल पट्टी. इंग्रजीत बरंच काय काय, त्यातलं 'बंद' एवढंच डोक्यात गेलं. पुढचं वाचलंच नाही. आता वैशालीशी बोलायचं कसं? डोकं सटकलं, सरळ तिच्या गावची एसटी धरली.

ती दारात बसून पैंजणाला घुंगरू जोडत होती. म्हटलं, "खातं उघडलं तर वर लाल पट्टी. कुणीतरी बंद पाडलंय माझं. तोंड फोडणार हाय त्याचं."

मान वर न करता म्हणाली, "बंद झालं असतं तर आत तरी जाता आलं असतं का तुला? ताकीद हाय ती. परत तसंच वागलास तर बंद करतील."

"तुला कसं ठाऊक?"

"मीच तक्रार केलती. दिवसाला वीस-वीस मेसेज. थांब म्हणून चारदा सांगितलं की. फोड आता तोंड."

आतून तिच्या आईनं विचारलं, "कोण पावणं गं?"

"कोण न्हाय, पत्ता इचारतोय."

पत्ता. मी कॉलेज सोडेपर्यंत एका बाकावर वह्या ठेवत होतो आम्ही.

संध्याकाळी परत कॅफेत जाऊन ती लाल पट्टी शेवटपर्यंत वाचली. ताकीदच होती. बंदच केलं असतं तर बरं झालं असतं का? त्यांना शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता थांबायचं ते मलाच. खूप दमलोय. तिला 'चुकलो' एवढंच लिहिलं. मग कळलं, हाही मेसेजच. पुसलं आणि उठलो.