माळवाडीच्या विहिरींचा निळा ग्राफ

३ मे १९९९
भागीरथीअक्काच्या महेंद्रने पुण्याहून सीडी पाठवली. आर नावाचा प्रोग्राम, फुकट. सोबत दोन पानं टिपा. मामाला शिकवतोय! ऑफिसात कम्प्युटर येणारा मी एकटा. संकल्प: आठवड्यात आर पाठ.

६ मे, दुपार
साहेबांना माळवाडीच्या पाच विहिरींचा ग्राफ हवाय. त्यावरून टँकर चालू ठेवायचा की नाही ते ठरणार. माळवाडी अक्काचं सासर. आता बघाच म्हणावं.

७ मे
आमचा शिपाई बन्सी विहिरीत दोर सोडून, काठापासून पाणी किती फूट खाली ते मोजतो. वही गचाळ. एप्रिलपासून आकड्यांऐवजी नुसत्या रेघा. रेघ आली की आर अडतो. महेंद्रची टीप: आकडा नसेल तिथे मनाने काही भरू नये. पोरकटपणा. पाणी नाही म्हणजे शून्य. सगळीकडे शून्य भरलं. बन्सी म्हणत होता, रेघ म्हंजी हीर कोरडी हाय भाऊसाहेब, शून्य नका घालू. सातवी नापास माणूस. दुर्लक्ष केलं.

९ मे
दिवसभर रंगकाम. रेषा जाड, निळ्या. अक्ष उलटा केला: काठ वर, तळ खाली. एप्रिलपासून पाचही रेषा झपकन वर जातात. देखणं दिसतं. नगरला जाऊन रंगीत प्रिंट काढली, पदरमोड करून.

१२ मे
साहेब खूश. म्हणाले, माळवाडीच्या विहिरी काठोकाठ! मी थँक्यू म्हणालो.
जेवताना अर्थ कळला. काठापासून शून्य फूट. ताट सारून उठलो. उद्या पहिलं काम: साहेबांना सांगणं.

१३ मे
सांगितलं नाही. साहेब मीटिंगला नगरला, ग्राफही त्यांच्याबरोबर. उद्या नक्की.

१४ मे
साहेब आले, पण घाईत दिसले. त्यांच्या टेबलापर्यंत दोनदा जाऊन आलो.

१५ मे
माळवाडीचा टँकर बंद. चूक खरं तर प्रोग्रामची. फुकटच्या वस्तूवर विसंबू नये. महेंद्रला खरमरीत पत्र लिहायचंय.

१७ मे, संध्याकाळ
अक्का आली, दोन रिकामे कॅन घेऊन. आमच्या नळावर भरून दिले. मी मान वर केली नाही. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, हिरी भरल्यात म्हनून कुन्या मुडद्यानं लिवून दिलं रं? तू हापिसात हाईस, तेवढं नाव हुडकून काढ.
लाज वाटली. खूप लाज वाटली.
चौकशी करतो म्हणालो.