कौल उत्तम आला

इस्फहान, २८ सप्टेंबर २००८

चि. सौ. इशरत हिस नुसरतदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र गज मिठाईच्या डब्याच्या तळाशी दडवून पाठवतोय. मिठाई संपेपर्यंत तुला ते सापडायचं नाही, पण मिठाई तुझ्याकडे किती टिकते ते मला ठाऊक आहे. फोनवर हे बोलता येत नाही. आमच्या फोनला हल्ली आमच्यापेक्षा जास्त कान आहेत.

घरी सगळे बरे. तुझ्या अकदसवहिनीने बिहीच्या फळांचा मुरंबा घातलाय. माझा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, डॉक्टर कापायचं म्हणतात.

बाजारात मात्र आग लागलीय. सरकारने नवा कर काढलाय, प्रत्येक विक्रीवर तीन टक्के, आणि वर पावत्या दाखवायच्या. आपल्या ओळीतले सगळे छापील कापडवाले म्हणतात, दुकानं बंद ठेवू. ओळीत सगळ्यांत म्हातारा मी. मी कुलूप लावलं की सगळे लावणार, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेत.

आता तूच सांग, कसं लावू? शहाच्या वेळी याच हाताने महिनोन्महिने कुलूप लावलं होतं, ते मौलवींचं राज्य यावं म्हणून. आलं की! आता त्यांच्याविरुद्ध त्याच कुलपाला हात घालू? आपले मौलवी, हाजआगा मुअय्यदी, त्यांनी माझा निकाह लावला, पोरांच्या कानात अजान म्हटली. दर साली कमाईचा पाचवा हिस्सा त्यांच्यापुढे ठेवतो तेव्हा कुठे उरलेलं हलाल वाटतं. आज ते शहराच्या समितीत बसतात आणि त्यांचा थोरला करखात्यात. कुलूप लावलं तर खातं सील ठोकेल आणि बाबांच्या हातचं दुकान माझ्या हातून जाईल. नाही लावलं तर ओळीत माझा सलाम कोणी घेणार नाही. झोप उडालीय. तुझं डोकं चालतं, काहीतरी सुचव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा


हॅम्बुर्ग, ४ ऑक्टोबर

ती. दादा यांस इशरतचा सलाम वि. वि.

गज संपला, पत्र सापडलं. दादा, कमाल आहे हं तुझी! शहाच्या वेळच्या संपात, दोन महिने कळ काढ इशरत, मग ना कर ना तपासनीस, देवाची माणसं आपली काळजी घेतील, असं तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा मी घरच्या तांदळाच्या पुड्या बांधून संपकऱ्यांच्या घरी पोचवत होते. घेतायत ना काळजी? तुझ्या पावत्यांची सुद्धा घेतायत.

आणि मला कशाला विचारतोस? तू आयुष्यात काही स्वतःच्या मनाने ठरवलंयस का? दाढ काढायची तरी हाजआगांना फोन, त्यांनी कुराण उघडून कौल द्यायचा, मग तू तोंड उघडणार. माझ्या लग्नातही तेच. जावीद मास्तरांसाठी कौल आला वाईट, सोडून द्या. फिरूज गालिचेवाल्यासाठी आला उत्तम, उशीर नको. वरच्याचीच मर्जी म्हणून मी ब्र काढला नाही. मग आताच का अडलंय? लाव फोन! कौल मागणाऱ्याने मनातलं सांगायचं नसतंच. घे त्यांच्याच हातून त्यांच्याविरुद्ध कौल.

इकडे आमच्या नगीनने एका शाळामास्तरशी लग्न ठरवलंय. मास्तरांवर जीव जडायची खोड आपल्या घरात माझ्याकडूनच आली असणार. फिरूज पाय आपटतोय, मास्तर पोरीला काय खाऊ घालणार म्हणतो.

थट्टा करतेय हो, मनावर घेऊ नकोस. गुडघ्याला शेक दे. वहिनीला सलाम, आणि मुरंब्यात माझा वाटा राखून ठेवावा.
तुझीच इशरत


इस्फहान, १४ ऑक्टोबर

चि. इशरत हिस अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती नामी निघाली! मला मेल्याला कसं सुचलं नाही?

पहाटेचा नमाज झाला आणि फोन लावला. मनात एक निय्यत आहे, जरा बघता का, एवढंच म्हणालो. हाजआगांनी नेहमीसारखं बिस्मिल्ला म्हटलं. मग म्हणाले की फार उत्तम आलाय, सुरुवातीला त्रास आहे पण शेवट गोड, टाळणं वाईट, उशीर करू नकोस. मी बाजारात गेलो आणि दुकान न उघडता कुलूप तसंच ठेवून चहाच्या टपरीवर बसलो. ओळीत कानोकान बातमी पसरली की कौल उत्तम आला, तोही खुद्द मुअय्यदींच्या हातून. दुपारपर्यंत ओळ बंद, आणि हा हा म्हणता सोनारांपासून तांबटांपर्यंत सगळा बाजार बंद. तांबट बंद म्हणजे बघ! त्यांची ठोकाठोक थांबल्यावर आमच्या कानांना कसंसंच झालं.

मग हाजआगांचा थोरला आला. कोणाच्या फुशीने हे केलंत, असं पुन्हा पुन्हा विचारत होता. काय सांगू त्याला? तुझ्या वडिलांच्या? तो गेला आणि खात्याची माणसं येऊन दाराला शिशाचं सील ठोकून गेली. म्हणजे दुकान बंद ठेवल्याची शिक्षा काय, तर दुकान बंद! हसू नकोस. आठवड्याभरात परवाना रद्द करणार म्हणतात.

खरं सांगितलं तर हाजआगांची समितीतली खुर्ची जाईल. नाही सांगितलं तर बाबांचं दुकान जाईल. कौलात म्हटलेला त्रास तेवढा वेळेवर आला, गोड शेवटाचा पत्ता नाही.

आमच्यासाठी दुआ करत राहा.
दादा


हॅम्बुर्ग, १८ ऑक्टोबर

ती. दादा यांस सलाम वि. वि.

अरे देवा! जळली माझी जीभ. मी थट्टा केली आणि तू फोन लावलास? आणि आता त्या दाराला सील! बाबांच्या मांडीवर बसून त्या दुकानात मी ठशांची फुलं मोजायला शिकले.

फिरूजला सांगितलं. त्याने मित्रांना सांगितलं. मग संध्याकाळभर आमच्या गालिच्यांच्या वखारीत पगडीवाल्या मौलवींना शिव्यांची लाखोली. आणि त्यातल्याच एकाने उठून, नवं घर घ्यावं की नाही म्हणून, कुमच्या मौलवीला फोन लावून कौल मागितला. इथे असे बंडखोर आहेत आमचे.

दादा, जा आणि हाजआगांना एकट्यात गाठून सांग. खुर्ची त्यांची आहे, सांभाळतील ते. एवढी वर्षं पाचवा हिस्सा घेतला, एकदा तरी तुझा पाचवा हिस्सा त्रास त्यांना घेऊ दे.

लवकर कळव. तोवर घास उतरायचा नाही.
तुझीच इशरत


इस्फहान, ३१ ऑक्टोबर

चि. इशरत हिस अनेक आशीर्वाद. पोटभर जेव. दुकान वाचलं.

आपल्या घरच्या महिन्याच्या मजलिसीला हाजआगा येणार नाहीत, अशी सगळ्या ओळीची खात्री होती. आले. कर्बलाची कहाणी सांगून सगळ्यांना रडवलं, दोन चहा घेतले, हलवा मागून घेतला. मग मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि मान खाली घालून सांगितलं, की त्या पहाटेची माझी निय्यत ही होती.

जपमाळ ओढत ते म्हणाले की हे त्यांना ठाऊक होतं. त्या पहाटे एकामागून एक व्यापाऱ्यांचे फोन येत होते, निय्यत कोणीच सांगत नव्हतं, आणि सगळ्या बाजाराचा गुडघा एकाच दिवशी दुखत नाही. मी विचारलं, मग आयत खरंच एवढी उत्तम आली होती का? त्यांनी दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, त्या पहाटे चष्माच सापडत नव्हता. कुराण उघडलंच नव्हतं.

असं का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले की बाजार सरकारच्या पेटीत तीन टक्के टाकायला लागला तर व्यापारी हात आखडणार कुठे? हाजआगांच्या पाचव्या हिश्श्यात! मग मदरशातल्या पोरांच्या ताटात काय वाढायचं? मग हळूच म्हणाले, की एकदा त्यांच्यासाठी आम्ही कुलूप लावलं होतं, एकदा आमच्यासाठी लावायला सांगणं त्यांच्याकडे राहिलं होतं. यातलं खरं कारण कुठलं, मला कळलं नाही. त्यांना तरी कळलं असेल का कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या सांगण्यावरून त्यांच्या थोरल्याने स्वतः येऊन सील काढलं. कर लांबणीवर पडलाय. ओळीने माझ्या दाराशी मेंढा कापला आणि सगळे म्हणतात, कौल कसा तंतोतंत खरा ठरला. मी मान डोलावतो.

पण इशरत, शहाच्या वेळी कुलूप लावायचा कौलही मी त्यांच्याकडूनच घेतला होता. तेव्हा चष्मा होता का? आणि तुझ्या लग्नाच्या वेळी? फिरूजचे वडील मदरशाला सढळ हाताने देत. मास्तर काय देणार? हे मनात आल्यापासून मुरंबा कडू लागतोय. हाजआगांना विचारू का? विचारावं की नाही याचा कौल घ्यायला फोन उचलला, आणि मग कळेना की लावू कोणाला.

मला माफ कर आणि माया ठेव.
दादा


हॅम्बुर्ग, ८ नोव्हेंबर

ती. दादा यांस सलाम वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले. एवढी वर्षं मी देवावर रुसून होते दादा. सगळा रुसवा चुकीच्या पत्त्यावर गेला.

फिरूज वाईट नाही. थंडीत माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवल्याशिवाय झोपत नाही. जावीद मास्तरांनी ठेवली असती का, कोणाला माहीत? पण ते मला माझं मी बघायचं होतं. तुझ्यावर राग नाही. थोडा आहे, पण तो तुला भेटल्यावर काढीन. हाजआगांना काही विचारू नकोस. उत्तर मिळालं तर त्याचं मी आता काय करू?

एक काम मात्र कर. पगडीवाल्यांच्या नावाने रोज बोटं मोडणारा आमचा फिरूज अखेर नगीनला म्हणाला, की हाजआगा मुअय्यदींचा कौल उत्तम आला तर त्याची मास्तरला ना नाही. येत्या शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर तो त्यांना फोन लावणार आहे. निय्यत अर्थातच सांगणार नाही.

तू आदल्या संध्याकाळी मुरंब्याची बरणी घेऊन त्यांच्याकडे जा. इशरतने सलाम सांगितलाय म्हण. तिच्या लेकीचा मास्तर आहे, एवढंच सांग, पुढचं त्यांना समजेल. माझा एक उत्तम कौल त्यांच्याकडे राहिलाय.

बाकी सर्व ठीक. होता तेवढा लोभ पुरे आहे, तेवढाच राहू दे.
तुझीच इशरत

ता. क. निघताना आठवणीने त्यांचा चष्मा खिशात घालून आण. शनिवारी परत कर.