वर्तुळाबाहेरचा हात

दि. १४ जून

चि. सूनबाई,

माझं पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. तुम्ही तिघंही बरी असाल. 'सूनबाई' लिहिलं आणि जरा थांबले. तू आता दुसऱ्या घरची सून. पण माझ्या तोंडात दुसरं काही बसलेलं नाही, तेव्हा चालवून घे.

इकडे जिन्यातला दिवा अखेर एकदाचा बदलला. गुडघा कुरकुरतो, मीही त्याच्यावर कुरकुरते, म्हणजे फिट्टंफाट. वाचनालयातल्या संगणकवर्गाला मी जाते हे भिंगरीनं सांगितलं असेलच. आम्ही नऊ म्हातारे आणि शिकवायला एक चुणचुणीत मुलगी. पस्तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईला ती 'आजी, ह्याला षटकोन म्हणतात' असं सांगते. मी गुमान ऐकून घेते.

तिथं मी डिजिटल स्क्रॅपबुक करायला शिकले. पानावर आधी एखादा आकार ठेवायचा, वर्तुळ, चांदणी, पान, काहीही. त्याच्यावर फोटो ठेवायचा आणि क्लिपिंग मास्क लावायचा. मग फोटो तेवढ्या आकारातच दिसतो. मी विचारलं, "उरलेला कापला गेला का?" ती म्हणाली, "नाही आजी, ह्यात कापायचं नसतं, नुसतं झाकायचं. फोटो आतल्या आत सरकवला की बाकीचंही दिसतं."

भिंगरीच्या वाढदिवसाला तिच्या गेलेल्या बाबाचा अल्बम द्यायचं ठरवलं. तू मागे पाठवलेले त्याचे सगळे फोटो घेतले आणि चाळीस पानं केली.

आता खरं सांगते. त्या चाळीस पानांत तू एकाही पानावर नाहीस. सहलीच्या फोटोत तू त्याच्या डावीकडे होतीस, तिथं मी उभा लंबगोल घेतला. तान्ह्या भिंगरीला घेऊन तुम्ही दोघं बसला होतात, तिथं त्रिकोण लावला. दोन दिवस झटले, पण तुझा खांदासुद्धा राहू दिला नाही. मला त्यात मजा येत होती. लिहायला लाज वाटते, पण येत होती.

मागच्या रविवारी भिंगरी आली तेव्हा अल्बम छापायला द्यायच्या बेतात होते. राहवेना म्हणून तिला संगणकावर दाखवला. पोरगी एरवी दोन मिनिटं एका जागी बसत नाही, पण मन लावून पानं बघत गेली. एकोणचाळिसाव्या पानावर थांबली. दवाखान्यातला फोटो, त्याच्या मित्रानं काढलेला. वर्तुळात नुसता त्याचा चेहरा.

"आजी, बाबाच्या कानाशी ही बोटं कुणाची?"

ती बोटं माझ्या नजरेतून सुटली होती. मी काही बोलायच्या आत तिनं माऊस धरला आणि फोटो सरकवला. वर्तुळात तू आलीस. त्याच्या उशीशी वाकलेली, त्याच्या कानाला फोन धरून.

"ही तर आई आहे!" म्हणाली. मग पहिल्यापासून एकेक पान काढून फोटो सरकवत बसली. प्रत्येक पानातून तू निघालीस. मी शेजारी बसून होते, परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखी.

मग ती परत त्या फोटोकडे आली. फोटो कधी काढला ते कसं बघायचं, हे तिनंच मला दाखवलं. तो गेला तीच तारीख, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. "बाबा हसतोय बघ. कुणाशी बोलत होता?"

मी म्हणाले, "असेल कुणीतरी मित्र."

पलीकडे मी होते, हे कालपर्यंत तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी तू बोललीस, "आई, आत्ताच्या आत्ता निघा, डॉक्टर आजचाच दिवस म्हणतायत." मग फोन त्याच्या कानाला लावलास. त्याचा आवाज ऐकला आणि त्याला जाताना बघायची मला भीती वाटली. मी म्हणाले, "बाळा, अंगात कणकण आहे रे, उद्या सकाळी येते." कणकणबिणकण काही नव्हती. वीस मिनिटांचा रस्ता. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. साडेसातला तो गेला.

माणसं भेटायला आली तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, "शेवटची भेटही नाही झाली?" मी म्हणाले, "मला कळवलंच नाही हो कुणी." तू चहाचे कप घेऊन दारातच होतीस. ऐकलंस, कप ठेवलेस आणि आत गेलीस. त्यानंतर चार वर्षांत एकदाही तू तोंड उघडलं नाहीस. मीच बोलत राहिले. तू दुसरं लग्न केलंस तेव्हा तर मला आयतंच निमित्त मिळालं, की जिनं आईला मुलाचं तोंड बघू दिलं नाही, ती आणखी काय करणार! भिंगरीच्या कानावरही हे गेलंय, माझ्याच तोंडून.

म्हणून निघताना ती म्हणाली, "म्हणजे आईनं कुणालातरी फोन लावला होता. मग तुलाच का नाही लावला?" मी तिची वेणी घालत राहिले.

काल जाऊबाईंना फोन करून सगळं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आता कशाला गं हे?" मलाही तो प्रश्न पडला होता. पण पोरगी रोज तुझ्या हातचं जेवते आणि मनात तुझ्याविषयी हे धरून बसते, ते मला आता सोसत नाही.

तिला मीच सांगणार आहे. येत्या रविवारी तिला घेऊन तू ये. नेहमीसारखी दारातून सोडून जाऊ नकोस. आत ये, आणि मी सांगत असताना समोर बस. नाहीतर मी त्यातही काहीतरी झाकेन, मला माझा भरवसा नाही. त्यानंतर ती माझ्याकडे यायला नको म्हणाली, तर तिला आग्रह करू नकोस. तुझ्या ह्यांना माझा नमस्कार सांग. तो मी आजवर कधी पाठवलेला नाही.

आणि एक. मी फोन ठेवल्यावर तो तुला काय म्हणाला? हे विचारण्याची सोय मीच ठेवली नव्हती, म्हणून इतकी वर्षं राहिलं. वाईट असलं तरी सांग. माझी वाट बघत होता का, तेही सांग.

त्याची आई